तिच्या वतीने

चारची वेळ दिली होती आणि बेल बरोबर चारलाच वाजली, तिथेच घाडीगांवकरांची निम्मी पंचाईत झाली. या घरात चार म्हणजे पावणेपाच. शकुताई अजून तोंड धूत होत्या, त्यांचा भाऊ हर्षद बनियनवर होता आणि नाना दुपारची झोप आटोपून चष्मा शोधत होते, जो त्यांच्या कपाळावरच होता. तयार होती ती एकटी ऋतिका. साडेतीनपासून ती गॅलरीत उभी राहून सोसायटीच्या गेटवर डोळे लावून होती. दोघं आत शिरताना दिसल्याबरोबर ती दाराकडे धावली.

दारात पंचविशीचा, चौकड्यांच्या शर्टातला एक तरुण होता आणि त्याच्या मागे खांद्याला झोळी अडकवलेली एक बाई. तरुणाने ऋतिकाकडे बघून कपाळावरून दोन बोटं वर उडवली. ऋतिका हसली आणि तिने उलट काहीतरी हातवारे केले, इतके भराभर की मागे उभ्या असलेल्या तिच्या आईला, सुलक्षणाला, त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

ती कपाळावरची खूण तर तिने कधी पाहिलीच नव्हती. घरात ऋतिकाची खूण म्हणजे हनुवटीवरचा तीळ. तिथे बोट लावलं की ऋतिका. ती सुलक्षणानेच पाडली होती, पोर दोन वर्षांची असताना, डॉक्टरांनी मान हलवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. चौदा वर्षं सगळं घर त्याच खुणेने तिला हाका मारत आलं होतं. आता बाहेरच्या माणसांनी आपल्या मुलीला दुसरं नाव ठेवलंय आणि आपल्याला कुणी बारशाला बोलावलं नाही, हे सुलक्षणाच्या चांगलंच मनाला लागलं.

तोवर नाना पुढे आले. "या मॅडम, या या. ड्रायव्हरलाही आत घ्या, खाली कुठे उभा राहील तो. चहा घेईल."

"मी मॅडम नाही आजोबा, मी दुभाषी. दीप्ती," बाई म्हणाल्या. "हे धम्मपाल सर. शिबिर यांचं आहे. हे बधिर आहेत, ऋतिकासारखेच."

नाना ओशाळले. आणि ओशाळले की नानांचा आवाज चढतो. गिरणीत तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर साधं बोलणं त्यांना जमतच नसे, त्यात समोरचा बहिरा. "बसा हो सर! खंय रवतास तुमी?"

धम्मपालने हात हलवले. दीप्ती म्हणाली, "मी गोवंडीला राहतो."

नाना दीप्तीकडे वळले. "तुमी गोवंडीक? मगे हे सर खंय रवतत?"

"आजोबा, हे सरच बोलताहेत. मी नुसता आवाज देते. मी जेव्हा 'मी' म्हणेन तेव्हा ती मी नाही. सर बोलले तर ते सर, ऋतिका बोलली तर ती ऋतिका. आणि तुम्ही जे बोलाल ते सगळं मी त्यांना हाताने सांगणार. सगळं म्हणजे सगळं."

"माका सगळा समजता," नाना म्हणाले. त्यांना काहीही समजलेलं नव्हतं. पण त्या शेवटच्या वाक्याने सुलक्षणा मात्र सावध झाली.

कारण या घरात 'सगळं म्हणजे सगळं' ऋतिकाला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची ती सुलक्षणा. शकुआत्या म्हणाल्या, पोरीला भाकरी थापायला शिकव, उद्या हिला कोण करणार. तर सुलक्षणा ऋतिकाला सांगायची, आत्या म्हणतात तू हुशार आहेस. ऋतिका चिडून हात आपटायची, तर सुलक्षणा आत्यांना सांगायची, तिचं डोकं दुखतंय. यात तिला कधी वाईट वाटलं नाही. दोन्हीकडचे काटे काढून मासा ताटात वाढावा, इतकंच ती करत होती, आणि घर त्यावर सुखाने चाललं होतं.

आज ठरायचं होतं ते असं. डिसेंबरच्या सुट्टीत मढला, सिनेमावाले भाड्याने घेतात तसल्या एका बंगल्यात, बधिर मुलामुलींचं दहा दिवसांचं शिबिर होतं. तीस मुलं, तीन गट, तीन गटप्रमुख. गेले सहा महिने ऋतिका घाटकोपरला रविवारच्या वर्गाला जात होती. तिथे ही मुलं सभा घ्यायला शिकत, चारजणांत उभं राहायला शिकत, नको ते नको म्हणायला शिकत. सुलक्षणा तिला घेऊन जायची आणि तीन तास बाहेरच्या बाकावर बसून राहायची. त्या वर्गातून ऋतिकाची गटप्रमुख म्हणून निवड झाली होती. दहा मुलांची जबाबदारी, त्यांना उठवण्यापासून समुद्रावर नेऊन परत आणण्यापर्यंत. घरच्यांची सही आज संध्याकाळी सहाच्या आत हवी होती, नाहीतर नंबर पुढच्या मुलीचा.

"सगळे मिळून ठरवू," असं सुलक्षणाच म्हणाली होती. तिनेच नणंदेला भांडुपहून बोलावून घेतलं होतं. ऋतिकाला वाटलं, आई आपल्या बाजूने माणसं गोळा करतेय. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती सुलक्षणाने स्वतःशीही नीट कबूल केली नव्हती. नाना नाही म्हणणार, शकुताई तर नाहीच नाही म्हणणार, याची तिला खात्री होती. मग तिला सही करावी लागणार नव्हती आणि नाहीही म्हणावं लागणार नव्हतं. मुलीला जवळ घेऊन, 'माझी इच्छा होती गं, पण नाना...' एवढं पुरलं असतं.

धम्मपालने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढून टीपॉयवर ठेवली. वरच शाळेचं पत्र होतं. सुलक्षणाने ते उलट्या बाजूनेच वाचलं. *सदर विद्यार्थिनीची दोन वर्षांपूर्वी विद्यार्थीप्रमुख म्हणून निवड झाली होती. पालकांनी नकार दिल्याने...*

नकार देणारे पालक म्हणजे ती एकटी. शाळेने बोलावलं, ती गेली, मुलीला झेपणार नाही म्हणून सांगून आली. हर्षदलाही बोलली नाही. ऋतिकाला मात्र तिने सांगितलं की शाळेने दुसऱ्या मुलीला निवडलं. पोर आठ दिवस शाळेत गेली नव्हती. त्यानंतर तिने कशासाठीही हात वर केला नव्हता, तो थेट या सहा महिन्यांत. हे पत्र आज या खोलीत वाचलं गेलं तर ही दीप्ती ते हाताने सांगणार होती. सगळं म्हणजे सगळं.

"आधी चहा घेऊया ना," सुलक्षणा म्हणाली आणि फाइलवर खाज्याची बशी ठेवली.

ऋतिकाने बशी उचलून बाजूला ठेवली. मग तिने घर हलवायला घेतलं. सोफा भिंतीपासून पुढे, स्वयंपाकघरातली दोन स्टुलं मध्ये, शकुताईंना पलंगावरून उठवून खुर्चीत. सगळे गोल. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. शेवटी ती नानांच्या खुर्चीपाशी आली. ती खिडकीतली खुर्ची, मुलुंडला राहायला आल्यापासून एक वीत हललेली नव्हती.

"तुमच्या मागून उजेड येतोय नाना," दीप्ती म्हणाली. म्हणजे ऋतिका म्हणाली. "तुमचा चेहरा मला काळा दिसतो. मला तो कधीच नीट दिसलेला नाही. इकडे बसाल?"

आता नाना खवळणार म्हणून हर्षद अर्धा उठला. पण नाना मुकाट्याने स्टुलावर येऊन बसले आणि उगीच मिशीवरून हात फिरवत राहिले.

ऋतिकाने ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू केली.

"अगो, फुकट जाळशीत ती!"

"सभा सुरू झाली की दिवा लावतात-मालवतात, सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून," दीप्ती म्हणाली. "आजची सभा मी घेते. मी म्हणजे ऋतिका. नियम एकच. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा, आणि एका वेळी एकानेच बोलायचं."

घाडीगांवकरांच्या घरात एका वेळी एक माणूस बोलल्याची नोंद नव्हती. नियम सांगून झाला आणि शकुताई, नाना आणि हर्षद तिघंही एकदम बोलायला लागले. दीप्तीचे हात गोंधळून हवेतच थांबले. ऋतिकाने पुन्हा दिवा मालवला. चौथ्या खेपेला शकुताईंनी शाळकरी पोरीसारखा हात वर केला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मी स्पष्ट बोलते बाई. मला वाकडं बोलता येत नाही." शकुताई दीप्तीकडे बघून बोलत होत्या. "पोर गोड आहे, नाही कोण म्हणतंय? पण दहा दिवस, तो समुद्र, ती परकी माणसं. आणि ही म्हणे दहाजणांना सांभाळणार! हिला कोण सांभाळणार? अहो, हिला पाठीमागून गाडी आली तर कळत नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हे शेवटचं तिला सांगू नका हं."

दीप्तीचे हात चालूच होते. ऋतिका बघत होती, आणि बघता बघता तिच्या भुवया वर गेल्या.

"काय सांगितलंत?" शकुताई दचकल्या.

"पाठीमागून गाडी आली तर कळत नाही, आणि हे शेवटचं तिला सांगू नका," दीप्ती म्हणाली. "माझं काम आहे ते."

"अहो पण मी सांगू नका म्हटलं ना!"

"तेही सांगितलं."

हर्षदला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. शकुताईंनी सुलक्षणाकडे पाहिलं. दरवेळी पाहायच्या तसंच, म्हणजे आता तू सावरून घे. सुलक्षणाने हात उचललेही. 'आत्यांना काळजी वाटते,' एवढी खूण तिच्या बोटांवर आली होती. पण ऋतिका तिच्याकडे बघतच नव्हती. ती थेट आत्यांकडे बघत होती, आणि सुलक्षणाला आपले उचललेले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"आणि कुर्ला विसरलात काय सगळे?" शकुताई आता पेटल्या. वरमल्या की त्या नेहमी कुर्ल्यावर येत. "सात वर्षांची होती. गावी चाललो होतो, टर्मिनसला. मी हात धरला होता, घट्ट. हिने सोडवला आणि गेली पळून. चार तास! चार तास आम्ही शोधत होतो, नानांना तिथे चक्कर आली. तेव्हा एकदा ठरलं की पोरीला एकटी सोडायची नाही. त्यात आता नवीन काय?"

"शकु म्हणता ता खरा," नाना म्हणाले. हात वर करायला विसरले. "दिसता तसा नसता. आमच्या चेडवाक वाट चुकूक येळ लागना नाय."

कुर्ल्याची गोष्ट या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की ती कुणी ऐकत नसे. लग्नात, बारशाला, गावच्या जत्रेत, नवीन पाहुणा आला की. तोंडपाठ झालेली गोष्ट. पण ती हाताने सांगितली गेली ती आज पहिल्यांदा. ऋतिका दीप्तीच्या हातांकडे टक लावून बघत होती. संपल्यावर तिने पुन्हा एकदा विचारलं, दीप्तीने पुन्हा एकदा सांगितलं. मग ऋतिकाने स्वतःचाच हात वर केला, नियमाप्रमाणे.

"मी हरवले नव्हते," दीप्ती म्हणाली. "मी कुठेही गेले नव्हते. पाण्याच्या नळाशेजारी बाकडं होतं. नानांनी मला तिथे बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि असं केलं." ऋतिकाने तळवा खाली दाबला. 'बस' ही खूण सगळ्यांना येत होती. "मी बसले. मग तुम्ही सगळ्यांनी एकदम सामान उचललं आणि पळालात. का पळालात ते मला कळलं नाही. मला बस सांगितलं होतं, म्हणून मी बसून राहिले. बिस्किटं संपली तरी बसले. चार तास. मग पोलीस आला."



"गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला होता," हर्षद हळूच म्हणाला. "स्पीकरवर सांगत होते."

"मी हात धरला होता!" शकुताई म्हणाल्या.

"आत्या, एका हातात तुमच्या विकीचा हात होता. दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. निळा."

निळा कॅन शकुताईंना आठवला असावा, कारण त्यांचे डोळे कुठेतरी लांब गेले.

नाना दीप्तीकडे बघत होते. "तुमी त्या दिवशी थंय होतास?"

"मी नाही आजोबा. ऋतिका. ही ऋतिका बोलतेय."

नानांची मान सावकाश नातीकडे वळली. नऊ वर्षं गोष्ट सांगत आलेल्या माणसाला तीत बसलेली पोर पहिल्यांदा दिसावी, तसे ते बघत राहिले. "मीच बसवलंय तिका," ते म्हणाले. "माका वाटला, सुलक्षणान घेतला असात."

"मला वाटलं शकुताईंनी घेतलं," सुलक्षणा म्हणाली.

"आणि मी विकीचा हात..." शकुताई रडायलाच लागल्या. "अगं, पण मला खरंच वाटत होतं गं, हात होता म्हणून! मी खोटं नाही बोलले!"

मग वाट लागली. नाना म्हणायला लागले, तिथल्या तिथे मागे जाऊन बघितलं असतं तर; हर्षद म्हणाला, तुम्हीच तर टॅक्सीच्या रांगेत शोधायला पिटाळलंत; शकुताई म्हणाल्या, विकीला पण सांभाळायचं होतं, तुम्हा पुरुषांना काय. नऊ वर्षांपूर्वीचा प्लॅटफॉर्म मुलुंडच्या हॉलमध्ये उतरला. दीप्तीचे हात मागे पडले. सुलक्षणा त्यात नव्हती. तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. नऊ वर्षांत आपण पोरीला एकदाही कसं विचारलं नाही, की बाळा, तू गेली होतीस कुठे? ऋतिकाच्या मनातलं सगळं कळतं म्हणून गावभर मिरवणारी बाई ती. सगळं कळतं म्हणून विचारलंच नव्हतं.

दिवा गेला, आला. सगळे गप्प झाले. ऋतिका उभी होती, आणि ती रडत नव्हती, की चिडलेलीही नव्हती.

"मी हे भांडायला सांगितलं नाही," दीप्ती म्हणाली. "मी वाट चुकत नाही, एवढंच सांगायचं होतं. सांगितलेल्या जागेवर मी थांबते. दहा मुलं माझ्याकडे दिली तर मी त्यांना मोजून नेईन आणि मोजून आणीन. पळायच्या आधी मागे बघीन. आता मत सांगा. नाना?"

नानांनी हात वर केला. आजच्या दिवसात पहिल्यांदाच, न सांगता. "जावंदे तिका," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, घोगरा होता. "माझ्याकडसून जावंदे."

"माझी ना नव्हतीच," हर्षद म्हणाला. "सुलक्षणा म्हणेल तसं."

शकुताई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. आणि सगळ्यांचे चेहरे सुलक्षणाकडे वळले. गोल बसण्यात हा एक वाईटपणा होता. कुणाच्या पाठीमागे जाता येत नव्हतं. ज्या नानांच्या नकारावर ती आठवडाभर निर्धास्त होती, ते नाना तिला सोडून पलीकडे गेले होते.

"दहावीचं वर्ष आहे," सुलक्षणा म्हणाली. "फेब्रुवारीत प्रॅक्टिकल... आणि तिथली हवा, तिला लगेच सर्दी होते. पुढच्या वर्षी गेली तर..."

धम्मपालने तिच्याकडे पाहिलं. मग फाइल स्वतःकडे ओढून घेतली आणि त्यावर हात ठेवला. त्याने पत्र वाचलं होतं, हे सुलक्षणाला त्या क्षणी कळलं. आणि तो ते इथे काढणार नव्हता, हेही. सुटले, असं तिला वाटलं. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आई," दीप्ती म्हणाली. ऋतिका सुलक्षणासमोर स्टूल ओढून बसली होती. "सर्दी नको सांगू. आजवर तू मला सगळ्यांची मतं सांगितलीस, तुझं कधी सांगितलं नाहीस. शाळेने तेव्हा मला घेतलं नाही ना, तेव्हापासून मला वाटायचं की शाळेला दिसलंय ते खरं असणार. माझ्यात काही नाही. शाळा मला चार वर्षं ओळखत होती. पण तू मला सोळा वर्षं ओळखतेस. म्हणून तू सांग. मला जमेल?"

सुलक्षणाला 'जमेल' म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, सही करून सगळे खाज्याला लागले असते. पण मग शाळेला दिसलेलं ते खरंच, असं धरून ही पोर आयुष्य काढणार होती. शाळेला तर नेमकं उलट दिसलं होतं.

तिने हात उचलले. आपल्या खुणांनी सांगावं, आपलं आपल्यात. शाळा, तू, आणि मग? 'निवडलं होतं' याला त्यांच्या घरात खूण नव्हती. 'मी खोटं बोलले' याला तर नव्हतीच. हात पुन्हा मांडीवर आले. आपल्या पोटच्या पोरीशी बोलायला तिला झोळीवाल्या परक्या बाईची गरज पडली.

"दीप्ती मॅडम, तिला सांगा..."

धम्मपालने बोट हलवून अडवलं. दीप्तीकडे नाही. ऋतिकाकडे बघून बोला.

"शाळेने तुलाच निवडलं होतं," सुलक्षणा ऋतिकाकडे बघून म्हणाली. "दुसरी मुलगी नंतर आली. मी जाऊन सांगितलं, हिला नको, हिला झेपणार नाही. मी एकटीने. बाबांना माहीत नाही, नानांना माहीत नाही. मग तुला मी खोटं सांगितलं. मला भीती वाटत होती गं. अजून वाटते. तुला जमणार नाही याची नाही. तुला जमेल आणि मग..."

शब्द तोंडातून निघाले तेव्हा ऋतिकाचा चेहरा होता तसाच होता. ते दीप्तीच्या हातांतून पोचले तेव्हा तो बदलला. मधल्या त्या दोन श्वासांइतक्या वेळात सुलक्षणाला ते परत घ्यावेसे वाटले, पण ते आता तिच्याकडे नव्हते.

"सुलक्षणा!" हर्षद म्हणाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

ऋतिकाची बोटं एकदा हलली, थांबली. सुलक्षणा त्या चेहऱ्यावर काहीतरी वाचू पाहत होती. राग? दुःख? रोज वाचता येणारा तो चेहरा, तापाची कणकण आईला आधी कळायची असा तो चेहरा, आणि आज त्यातलं काही म्हणता काही उमगत नव्हतं. मग ऋतिका उठली, स्टूल गोलात जागच्या जागी ठेवलं आणि दिव्याच्या बटणापाशी आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"यावर मी आत्ता बोलणार नाही," दीप्तीचा आवाज थोडा कापला, तिचा स्वतःचा की ऋतिकाचा, कोण जाणे. "सभा संपलेली नाही. ज्यांना मी जावं असं वाटतं त्यांनी हात वर करा."

नानांचा हात वर गेला. हर्षदचा गेला. शकुताईंचा पदरासकट गेला. सगळ्यात शेवटी सुलक्षणाचा.

हर्षदने खिशातलं पेन काढून फॉर्म पुढे ओढला. ऋतिकाने तो त्याच्या हाताखालून काढून घेतला आणि आईसमोर ठेवला.

"सही आईने करायची. नाही तिनेच सांगितलं होतं, हो पण तिनेच सांगायचं." ऋतिका थांबली. पुढचं तिने सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं, आणि दीप्तीनेही ते तितक्याच सावकाश म्हटलं. "आणि आजपासून, आई, माझ्या वतीने कुणाशी काही बोलायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. चांगलं असलं तरी नाही."

सुलक्षणाने सही केली. साडेपाच वाजले होते. फॉर्म फाइलमध्ये गेला, धम्मपालने नानांच्या पायाला हात लावला, नानांनी त्याला काहीतरी आशीर्वाद दिला आणि तो सांगायला दीप्तीला खुणावलं, म्हणजे एवढं तरी त्यांना समजलं होतं. ऋतिका दोघांना सोडायला खाली गेली. एकटीच गेली, कुणी 'जपून' म्हटलं नाही. परत आल्यावर ती सरळ गॅलरीत जाऊन बसली.

सुलक्षणाने चहाचे कप स्वयंपाकघरात आणून नळ सोडला. मागोमाग शकुताई आल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं.

"काय गं, माझ्यावर रागावलीय का ती? त्या कुर्ल्यावरून?"

'छे हो शकुताई, ती कुठली रागावतेय? तुमच्यावर किती जीव आहे तिचा!' वाक्य तयार होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. सुलक्षणाने ते गिळलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिलाच विचारा."

"मी? मी कशी विचारणार? मला कुठे येतं ते हातांचं?"

"मलाही येत नाही."

शकुताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग पदराने डोळे पुसून त्या गॅलरीकडे गेल्या. सुलक्षणा त्यांच्या मागे गेली नाही. तिने नळ बंद केला, कप विसळायचे तसेच ठेवले आणि बाहेरून काही ऐकू येतंय का म्हणून कान देऊन उभी राहिली. ऐकू काही येणार नव्हतं, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.